सेंट पीटर्सबर्गच्या जूनमधल्या फॅमिली टूरबद्दल आलेल्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. तिथल्या गाइडशी आणि तुमच्यासोबत गेलेल्या आमच्या टूर मॅनेजरशी आधी स्वतः बोलायचं होतं, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. तुमच्या तक्रारी सहा. पूल उघडले त्या रात्री सासूबाई पहाटेपर्यंत नदीकाठी अडकल्या. पीटरहॉफच्या राजवाड्यात कारंजी सुरू होताना बघायला मिळाली नाहीत. हर्मिटेज संग्रहालय घाईत उरकलं. कार्ड कुठेच चाललं नाही. जेवणाचे हाल झाले. आणि सुट्टीला आलेल्या मुलांना आम्ही स्मशानात नेलं.

पहिली तक्रार अक्षरशः खरी आहे आणि चूक पूर्णपणे आमची आहे. इतर वाचणाऱ्यांना कळावं म्हणून काय झालं ते सांगते. उन्हाळ्यात नेवा नदीवरचे पूल मोठ्या बोटी जाव्यात म्हणून रात्री एकच्या सुमारास उघडतात आणि पहाटे पाचच्या आसपास पुन्हा जोडले जातात. पॅलेस ब्रिजचे दोन पंख वर उचलले जातात, मधल्या फटीतून पलीकडच्या किल्ल्याचा सोनेरी सुळका दिसतो आणि जूनमध्ये आकाश पुरतं काळं होतच नाही. ते बघायला अर्धं शहर काठावर येतं. तुमचं हॉटेल वासिल्येव्स्की बेटावर होतं. पूल उघडला की बेटावर परतायचा नेहमीचा रस्ताच तुटतो. आमच्या कार्यक्रमात त्या रात्रीपुढे ‘पूल उघडताना पाहणे (ऐच्छिक)’ एवढंच छापलं होतं. कुठल्या काठावर उभं राहायचं ते लिहिलेलं नव्हतं. बेटाच्या बाजूने बघितलं असतं तर दहा मिनिटांत चालत खोलीवर पोचला असता. तुम्ही समोरच्या काठावर गेलात, कारण दिवसा गाइडने फोटोसाठी तीच जागा दाखवली होती. तुमची यात काहीही चूक नाही.

त्यातून टूर मॅनेजरने फोन उचलला तो पावणेतीनला. समुद्राच्या बाजूने एक उंच टोल रस्ता जातो. त्याच्या पुलांखालून जहाजं जातात, त्यामुळे तो रात्री उघडावा लागत नाही आणि टॅक्सीला बेटावर जाता येतं. ही माहिती तुमच्या हातात संध्याकाळीच असायला हवी होती. बहात्तर वर्षांच्या आजी गुडघ्यांवर मुलांचं जॅकेट टाकून ग्रॅनाइटच्या कठड्यावर बसून राहिल्या, हे गाइडकडून ऐकलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. या महिन्यापासून प्रत्येक कुटुंबाला हॉटेल कुठल्या काठावर आहे, कुठे उभं राहायचं आणि पूल उघडल्यावर परतायचं कसं, याचा मराठीतला कागद नकाशासकट मिळेल. पुलांच्या रात्री टूर मॅनेजर काठावर हजर असेल. कार्यक्रमातला ‘ऐच्छिक’ हा शब्द मी काढून टाकला आहे.

पीटरहॉफला त्या दिवशी फिनलंडच्या आखातात वारा होता म्हणून तिकडे नेणाऱ्या वेगवान मेटिओर बोटी रद्द झाल्या. वारा आमच्या हातात नाही, पण साडेनऊपर्यंत धक्क्यावर वाट बघत बसणं आमच्या हातात होतं. बसने तुम्ही पोचलात तेव्हा सव्वाबारा झाले होते आणि ग्रँड कॅस्केडची, म्हणजे राजवाड्यासमोरची मुख्य कारंजी संगीताबरोबर सुरू होतात ती अकराला. आता वाऱ्याचा अंदाज असला की सकाळी लवकर बसनेच निघायचं, असं ठरवलं आहे. एका गोष्टीचं मात्र समाधान वाटलं. ही कारंजी पंपाशिवाय चालतात, वीस किलोमीटरहून लांबच्या उंच भागातलं पाणी कालव्यांनी आणून केवळ उताराच्या जोरावर उडवलं जातं, हे तुमच्या धाकट्याला इतकं आवडलं की परतीच्या बसमध्ये तो गाइडला त्याचंच चित्र काढून दाखवत होता.

हर्मिटेजबद्दल अर्धं मान्य. तीस लाखांच्या आसपास वस्तूंचा संग्रह अडीच तासांत कुणाचाच बघून होत नाही आणि मुलं दीड तासात थकतात. पुढच्या टूरपासून तिथे दोन छोट्या भेटी ठेवतो आहोत. तिथलं सोनेरी मोराचं घड्याळ बंद पडलं होतं असं तुम्हाला वाटलं, पण ते बंद पडलेलं नव्हतं. अठराव्या शतकातलं यंत्र आहे, ते जपायचं म्हणून रोज चालवत नाहीत. गाइडने तसं सांगितलं होतं, गर्दीत ऐकू आलं नसावं.

कार्डाचं मी मान्य करू शकत नाही. मार्च २०२२ पासून रशियाबाहेरच्या बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत. निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये मी स्वतः हे दोनदा सांगितलं होतं, आणि सामानाच्या यादीत पहिलीच ओळ रोख पैशांची होती. तरीही मोठ्याला मात्र्योष्का (एकात एक बसणारी लाकडी बाहुली) घेताना काउंटरवर कार्ड परत मिळालं आणि त्याचा चेहरा पडला, हे वाचून चुटपुट लागली. गाइडकडे थोडे रूबल उसने देण्यासाठी ठेवायला काय हरकत होती? आता ठेवू.

जेवणाचं म्हणाल, तर तिथे सगळ्यावर शेपू भुरभुरतात. सूपवर, बटाट्यावर, सॅलडवर. आपल्याकडच्या मुलांना तो वास नको असतो. बोर्श दिसायला बिटाचं सूप, पण बहुतेक ठिकाणी बीफच्या नाहीतर पोर्कच्या पाण्यात शिजवलेलं असतं, म्हणून गाइड दर वेळी आत जाऊन विचारून येत होती. ब्लिनीच्या, म्हणजे तिथल्या पातळ धिरड्यांच्या पिठात सहसा अंडं असतं. अंडं न खाणाऱ्या आजींना पाच दिवस उकडलेले बटाटे आणि ग्रेच्का, म्हणजे खिचडीसारखा शिजवलेला कुट्टू, यावर काढावे लागले, ते त्रासाचंच आहे. बुकिंगच्या फॉर्मवर ‘शाकाहारी’ असा एकच रकाना होता. अंड्याचं वेगळं विचारायला हवं होतं, ते आम्ही विचारलं नाही.

आता स्मशानाबद्दल. ताई, पिस्कार्योव्स्कोये आम्ही कार्यक्रमातून काढणार नाही. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४ या काळात, दुसऱ्या महायुद्धात, या शहराला जर्मन सैन्याचा वेढा पडला होता. ८७२ दिवस. पहिल्या हिवाळ्यात लहान मुलांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्यातही भुसा-कोंड्याची भर असायची. त्या स्मशानात सुमारे पाच लाख माणसं आहेत, बहुतेक सामुदायिक कबरींत. लांबच लांब हिरवे चौथरे, दगडावर नाव नाही, नुसतं वर्ष: १९४२. लोक आजही तिथे फुलांबरोबर पाव आणि गोळ्या ठेवून जातात. राजवाडे, सोन्याचे घुमट, कारंजी दाखवायची आणि ही जागा वगळायची, हे मला जमणार नाही. मी पुण्यात रशियन शिकले तेव्हापासून या शहरात जाते आहे. ज्यांच्या घरी राहिले, त्या प्रत्येक घरातलं कुणीतरी वेढ्यात गेलेलं होतं.

मात्र तुमच्या रिव्ह्यूमधली एक ओळ मला पटली: ‘निदान आधी सांगायचं, म्हणजे मुलांची तयारी केली असती.’ ते आम्ही केलं नाही. यापुढे निघण्याआधीच आईवडिलांना कल्पना देऊ, आणि ज्यांना मुलांना न्यायचं नसेल त्यांच्यासाठी त्या सकाळी दुसरी सोय असेल. गाइडने मला सांगितलं की तुमच्या मोठ्याने कबरीवर पाव का ठेवलाय असं विचारलं, आणि तिचं उत्तर ऐकून त्याने खिशातलं चॉकलेट शेजारी ठेवलं. हे तुम्हाला माहीत आहे की नाही मला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

त्या रात्रीच्या टॅक्सीचे आणि बोटीच्या तिकिटातल्या फरकाचे पैसे आज तुमच्या खात्यात जमा केले आहेत. त्यासाठी तुम्ही रिव्ह्यू बदलावा अशी अपेक्षा नाही, तो तसाच राहू द्या. आजींची माफी मात्र मला प्रत्यक्ष मागायची आहे. येत्या रविवारी संध्याकाळी घरी येऊन गेले तर त्यांना चालेल का, तेवढं विचारून कळवा.