अनुराग म्हणजे मागाहून येणारा राग नव्हे

आज बेळगावच्या शहापुरातील एका लग्नात सूत्रसंचालकाने "अनुराग म्हणजे लग्नानंतर मागाहून येणारा राग" असा विनोद केला आणि सारा मांडव हसला. दर १ नोव्हेंबरला मराठीसाठी दंडाला काळी फीत बांधणाऱ्या आपल्या लोकांना हा शब्द इतका परका व्हावा, याची मला लाज वाटली.

वडगावात आमच्या घरी हातमाग होता. लहानपणी मी एकदा सुताची पांढरी लडी चुकून लाल रंगाच्या घंगाळात पाडली आणि ती काढण्यासाठी कोपरापर्यंत हात बुडवला. "मला राग आणू नकोस," असे आजी ओरडली, तेव्हा शेजारच्या कन्नड अक्कांनी उंबऱ्यातूनच विचारले, "याव राग, अव्वा?", म्हणजे कुठला राग? कन्नडमध्ये राग गायचा असतो, चिडण्याला तिथे 'सिट्टु' म्हणतात.

अक्कांनी थट्टेत विचारलेला तो प्रश्न मूळ अर्थाच्या आपल्यापेक्षा जवळ होता. 'रञ्ज्' म्हणजे रंगणे. रंग, रंजन, रक्त, अनुरक्त, विरक्त ही सारी त्याच धातूची लेकरे आहेत, आणि राग म्हणजे आधी रंग, मग मनाला चढलेला रंग, म्हणजेच आसक्ती, प्रीती. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५६व्या श्लोकात स्थितप्रज्ञाला 'वीतरागभयक्रोधः' म्हटले आहे. राग म्हणजे क्रोधच असता, तर एका समासात दोन्ही शब्द कशाला आले असते? आपण मराठीत त्यातली प्रीती 'अनुरागा'कडे सोपवली, सुरावट गवयांना दिली आणि स्वतःकडे तेवढा संताप ठेवला. चिडल्यावर डोळे लाल होतात, तेव्हा हा अर्थही रंगातूनच आला असेल, हे मान्य. पण म्हणून घरातली मूळ ठेव हसण्यावारी न्यायची?

त्या सूत्रसंचालकावर मी जेवणाच्या पंगतीपर्यंत धुमसत होतो. खरे सांगायचे तर त्या विनोदाला पहिल्या क्षणी मीही हसलो होतो, आणि तो पोरगा वयाने माझ्या भाच्याएवढा असेल.

अक्कांच्या प्रश्नाने आजीला हसू फुटले होते, तरी तिने ते पदराआड लपवले. लडी वाया गेल्याबद्दल ती रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मात्र निजण्यापूर्वी खोबरेल तेल घेऊन माझा हात मांडीवर ठेवून चोळत बसली. रंग निघाला नाही. तिचे स्वतःचे हात तर वर्षभर तसेच लाल असायचे.