वाळवंटात सोलर लावा म्हणणाऱ्या मेसेजचं काय करायचं

माझा भाचा बारा वर्षांचा आहे. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेममध्ये मेकॅनिझम मॉड (गेममध्ये यंत्रं आणि वीज आणणारी जोड) घालून त्याने दिवाळीच्या सुट्टीत उंचच उंच खांबांवर सहा पवनचक्क्या उभ्या केल्या होत्या. परवा त्याचा फोन आला, "मामा, रात्र झाली की सगळंच बंद पडतंय. डिजिटल मायनरसुद्धा." मायनर म्हणजे विजेवर आपोआप खनिज काढणारं यंत्र. खोदून विचारलं तेव्हा कळलं, चक्क्या मोडून त्याने सगळं बस्तान वाळवंटात हलवलंय. का, तर व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज: "५० ॲडव्हान्स्ड सोलर जनरेटर वाळवंटात लावा. ऊन जास्त, म्हणून वीज दुप्पट. १५,००० आरएफ, रात्रंदिवस. पवनचक्क्या फेकून द्या." आरएफ म्हणजे गेममधली वीज मोजायचं एक माप. तोच मेसेज नंतर मलाही दोन ग्रुपवर आला, खाली वाहवा करणारे अंगठे. आता गप्प बसवत नाही.

आधी वाळवंट, कारण पोराचं खरं नुकसान त्याने केलं. या मॉडचा कोड गिटहब या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतो. सोलर जनरेटरच्या फाइलमध्ये बायोमचं (म्हणजे गेममधल्या त्या प्रदेशाचं) तापमान आणि आर्द्रता दोन्ही हिशेबात धरली आहेत, आणि कॉमेंटमध्ये कारणही दिलंय: सेमीकंडक्टरला उष्णता मानवत नाही. ०.८ हे तापमान प्रमाण मानलंय. बायोम त्याहून गरम असेल तर वीज घटते, थंड असेल तर वाढते. माइनक्राफ्टच्या वाळवंटाचं तापमान २.०. फरक १.२, त्याला ०.३ ने गुणा: ३६ टक्के तूट. टिकला (गेमच्या घड्याळाचा एक ठोका, सेकंदाचा विसावा भाग) ३०० ज्यूल, म्हणजे मॉडच्या स्वतःच्या मापात ३०० वीज, देणारा जनरेटर तिथे १९२ वर येतो. वाळवंटात पाऊस नाही, म्हणून आर्द्रतेची वजावट होत नाही, आणि ती सवलत धरूनही हा आकडा आहे. बर्फाळ मैदानात आर्द्रता वजा करूनसुद्धा तोच जनरेटर ३२७ पर्यंत जातो. म्हणजे मेसेजने नेमकी उलटी जागा सांगितली! घराच्या छतावरची खरी पॅनलही अशीच वागतात. विदर्भातल्या मे महिन्यात ऊन भरपूर असतं, पण पॅनल तापलं की त्याची कार्यक्षमता उतरते.

१५,००० चा आकडा कुठून आला तेही दिसतं. ५० गुणिले ३०० बरोबर १५,०००, पण ते ज्यूल आहेत. आरएफ हवे असतील तर २.५ ने भागा: ६,०००. वाळवंटात ३,८४०, आणि तेही भर दुपारी. पाऊस पडणाऱ्या बायोममध्ये सरी सुरू झाल्या की पाचवा हिस्साच उरतो.

"रात्रंदिवस" हे थोडंसं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. एकटे खेळत असाल आणि अंधार पडताच पलंगावर जात असाल, तर रात्र जवळजवळ येतच नाही, झोपलं की थेट सकाळ होते. पण भाचा चार मित्रांबरोबर सर्व्हरवर खेळतो. तिथे सगळे झोपले तरच रात्र सरते; एकजण खाणीत असला की बाकीच्यांचं झोपणं वाया जातं. सूर्य मावळला की सोलरचं उत्पादन शून्य, आणि एनर्जी क्यूब (वीज साठवणारा ठोकळा) भरलेला नसेल तर पहाटेपर्यंत काळोख.

राहिलं पवनचक्क्या फेकून देणं. हे वाचून मला खरंच राग आला. पवनचक्की उंचीप्रमाणे ६० पासून ४८० ज्यूलपर्यंत देते, दिवसा, रात्री, पावसातही. मूळ रेसिपीत तिला ओस्मियम या धातूचे तीन इनगॉट (विटा) लागतात. एका ॲडव्हान्स्ड सोलरला बारा पॅनल लागतात, म्हणजे नुसत्या पॅनलचेच ३६ इनगॉट. भाच्याचे २२ जनरेटर झाले होते. ७९२ इनगॉट! त्यासाठी पोरगं तीन दिवस खाणीत होतं. त्यातून मिळालं काय? दुपारी ४,२२४ ज्यूल, आणि रात्र धरून सरासरी त्याच्या निम्म्याच्या आसपास. मोडलेल्या सहा चक्क्या मिळून अखंड २,८८० च्या जवळपास देत होत्या, अवघ्या १८ इनगॉटमध्ये.

सोलर वाईट नाही. इंधन लागत नाही, एकदा लावलं की बघावं लागत नाही. भाच्याला सांगितलं, ते २२ फेकू नकोस, उचलून बर्फात ने, आणि चक्क्या परत उभ्या कर. काल रात्री तीन झाल्या. साडेदहाला त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला: बाहेर काळोख, आणि मायनर चालू.