प्रतिक्रियेला उत्तर: बीपीची गोळी आणि कातडीवरच्या गाठी

हायड्रोक्लोरोथायझाइड या बीपीच्या औषधाने त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, अशा माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवण्याचा धंदा बंद करा. हे गोऱ्यांचे आजार आहेत."

धंदा? औषधांच्या काउंटरमागे माझी हयात गेली. कुणाची बीपीची गोळी सुटावी म्हणून मी एक ओळही लिहिलेली नाही. उलट, गोळी आपल्या मनाने बंद करू नका, हे त्या लेखात ठळक अक्षरांत आहे. ते न वाचताच तुम्ही मला अर्धवट ठरवता, हे कुठल्या रीतीत बसतं?

अर्धवट नेमकं काय, तेही सांगायचं होतं. डेन्मार्कमधल्या नोंदींच्या अभ्यासात, एकूण 50,000 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त औषध पोटात गेलेल्यांमध्ये स्क्वेमस सेल प्रकारच्या त्वचेच्या कर्करोगाची शक्यता जवळपास चौपट दिसली. रोज 12.5 मिलिग्रॅमने तिथवर पोचायला सुमारे 11 वर्षं लागतात, 25 ने साडेपाच. या औषधाने कातडी उन्हाला हळवी होते आणि वर्षानुवर्षांचं नुकसान साचत जातं. ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, लेबलवर तशी सूचना घातली. सगळे रुग्ण धरले तर वर्षाला 16,000 जणांमागे एक जादा रुग्ण, हा त्यांचाच अंदाज. घाबरवायचंच असतं तर हा आकडा मी लेखात दिला असता का?

धोका मुख्यतः गोऱ्या कातडीला, हे मान्य. आपल्याकडे हा कर्करोग मुळातच कमी. पण कमी म्हणजे नाहीच, असं कुणी सांगितलं तुम्हाला?

मानेवरच्या लोंबत्या मसांचा या गोळीशी संबंध नाही. बघायचं ते ओठ, कान, टक्कल आणि हाताची मागची बाजू: खरखरीत, खपली धरणारी, पुन्हापुन्हा रक्त येणारी गाठ किंवा महिनाभरात न भरणारी जखम. तिच्यावर मलमं चोळत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. गरज वाटली तर ते तुकडा काढून तपासतील. स्ट्रिपवर नावापुढे 'एच' असेल तर बहुधा हेच औषध, 'सीटी' असेल तर बहुधा क्लोरथॅलिडोन हे बीपीचं दुसरं औषध. तरी खालचं बारीक अक्षर वाचाच. त्वचेचा कर्करोग आधी झाला असेल तर गोळी बदलायची का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

माझ्या हेतूंबद्दलच्या तुमच्या बाकीच्या ओळींना मी उत्तर देणार नाही.