“तिकडं चालते, मग आम्हालेच काऊन नाही?”

नागपूरहून धाकट्या भावाने परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी पाठवली. मागच्या दिवाळीत घेतलेल्या स्कॉर्पिओ-एनला त्याला काय काय करायचं आहे, त्याची. गाडी दोन इंच उंच करणारं लिफ्ट किट, मोठे टायर, पुढे बंपरवर लोखंडी बुलबार, फसलेली गाडी ओढून काढणारं विंच, टपावर कॅरिअर, लाइटची पट्टी. आणि खाली एवढंच: “ताई, तुमच्या तिकडं सगळं चालते, मग आम्हालेच काऊन नाही?”

चौदा वर्षं मी ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनमध्ये राहते आणि आमच्या दारातली गाडीही उंच केलेली आहे. त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही.

पहिली गोष्ट, इथे सगळं चालत नाही. आमच्या क्वीन्सलँड राज्यात फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी सस्पेन्शनने ५० मिलिमीटर उंचावता येते. टायरचा व्यास आणखी ५० मिलिमीटर वाढवता येतो, त्यातून जमिनीपासूनची उंची निम्मीच, म्हणजे २५ मिलिमीटर वाढते. असे एकूण ७५ मिलिमीटर, काही अटी पाळून, वेगळ्या मंजुरीशिवाय. त्यापुढे जायचं तर मान्यताप्राप्त तपासनीस गाडी बघतो, काम मानकाप्रमाणे झालं असेल तर गाडीवर तशी पट्टी लावतो. आम्ही एकेक बदल विमा कंपनीला लेखी कळवला आहे. इथे मोकळीक आहे ती मापात बसवलेली आहे.

आपल्याकडे ते मापच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून वेगळी होईल अशी गाडी बदलायची नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंडही ठरवला: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण त्याच दुरुस्तीत एक दार उघडं ठेवलेलं आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. अशा बदलांसाठी मानकं आणि मंजुरीच्या अटी केंद्र सरकार ठरवू शकतं, असं कलम ५२मध्येच लिहिलं आहे. सीएनजी किट आपण रीतसर बसवतो, आरसी बुकावर नोंद होते. मग सस्पेन्शनचं किट पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत तपासून, त्याची नोंद आरटीओत करून का बसवता येऊ नये? रस्ते वाहतूक खातं २०१४पासून नितीन गडकरींकडे आहे, ते आपल्याच शहराचे खासदार आहेत. ही मागणी नागपूरकरांनी नाही करायची तर कोणी करायची?

इथवर मी भावाच्या बाजूने आहे. बुलबारवर मात्र नाही.

इथे बुलबार असतो तो कांगारूसाठी. सांज झाली की मोकळ्या हायवेवर कांगारू झेप घेऊन समोर येतो, आणि पुढचं गॅरेज दोनशे किलोमीटरवर असू शकतं. रेडिएटर फुटला तर माणूस तिथेच अडकतो. तरीही बुलबार इथल्या मानकाप्रमाणे, त्या मॉडेलच्या एअरबॅगशी जुळणारा असावा लागतो. सीताबर्डीत समोर कोण येणार? पायी चाललेली माणसं, सायकलवरची पोरं, स्कूटरवर मुलाला पुढे उभं करून चाललेली आई. गाडीचं नाक धडकेत चेपावं, माणसाला कमी लागावं, एअरबॅग वेळेवर उघडावी अशा हिशेबाने बनवलेलं असतं. त्यावर लोखंडी जाळी ठोकली की तो हिशेब मोडतो. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राने राज्यांना यावर कारवाई करायला सांगितलं ते योग्यच होतं, आणि उद्या मंजुरीची सोय झाली तरी बुलबार त्यात सैल हाताने घेऊ नये.

आता गाडी जाते कुठे ते बघू. आठवड्यातले सहा दिवस मनीषनगर ते सिव्हिल लाइन्स, मुलांची शाळा, आईचा दवाखाना. वर्षातून तीन-चारदा समृद्धीवरून संभाजीनगर. ताडोब्यात किंवा पेंचला सफारी तिथल्या जिप्सीतूनच. खरा ऑफ-रोड एकच, काटोलच्या पलीकडे आमच्या संत्र्याच्या वावरात जाणारा पांदण रस्ता. आणि तो जुलैत काय होतो हे भावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत भरते, दहा फुटांत टायर गुळगुळीत होतो. गाडी दोन इंच उंच असली काय नि नसली काय, गुळगुळीत टायर फिरतच राहणार. बाबा कोणाला वावरात न्यायचं असेल तर विचारायचे, “वाफसा आला का?” पाऊस उघडून माती पाय धरेनाशी झाली की मगच बंडी निघायची. फोर-व्हील-ड्राइव्हलाही तोच नियम लागू आहे.

मोठ्या टायरचा हिशेब मी त्याच्यासाठी मांडला. त्याच्या गाडीला २५५/६० आर १८ आहेत, त्याला २६५/६५ हवे आहेत. व्यास सुमारे ३८ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे पाच टक्के. पोटाखालची उंची वाढली फक्त १९ मिलिमीटर. आणि स्पीडोमीटर बरोबर आहे असं धरलं, तर तो १२० दाखवेल तेव्हा समृद्धीवर गाडी १२६ने धावत असेल, तीही वैशाखातल्या तापलेल्या काँक्रीटवर. बुलबार, विंच, कॅरिअर, पोटाखालची प्लेट मिळून दीडशे किलो सहज होतात. दोन माणसांचं वजन झालं ते. घरची सहा जणं आणि संत्र्यांची पोती चढल्यावर गाडीच्या वजनमर्यादेत उरतं काय? टपावरचं वजन तर गाडीचा तोल वर नेतं, वळणावर ते कळतं.

विंचची गरज मला इथे पटते. इथे मैलोन्‌मैल माणूस नसतो. काटोलकडे गाडी फसली तर एक हाक मारली की ट्रॅक्टर येतो, आणि ट्रॅक्टरवाला चहा पाजून सोडतो. पण ट्रॅक्टरने दोर बांधायचा कुठे? त्यासाठी गाडीचे मूळ टो-हूक आणि चांगला पट्टा लागतो. हूक कुठे आहे हे भावाला माहीत नव्हतं. त्याने मॅन्युअल काढून पाहिलं.

गाडीच्या उंचीपेक्षा टायरची हवा महत्त्वाची, हे शिकायला मला स्वतःला एक दुपार पुरली. गरी (पूर्वीचं फ्रेझर आयलंड) या इथल्या वाळूच्या बेटावर पहिल्याच वर्षी आमची गाडी अ‍ॅक्सलपर्यंत रुतली होती, लिफ्टसकट. टायरची हवा रस्त्यावरच्या दाबावरच होती. एका म्हाताऱ्या मासेमाराने ती १८ पीएसआयपर्यंत सोडायला लावली, टायर पसरले, गाडी आपली आपण निघाली. तेव्हापासून मी हवा मोजायचं साधन आणि छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवते. परत डांबरावर आलं की हवा भरायचीच, कमी हवेवर पळवलं तर टायर तापून फुटतो.

म्हणून मी त्याला उलटी यादी पाठवली. कंपनीच्याच मापाचे ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांवर चालणारे टायर. पट्टा, तो अडकवायची कडी म्हणजे शॅकल, कॉम्प्रेसर, फावडं. पोटाखालची प्लेट कंपनीच्या अधिकृत अ‍ॅक्सेसरीत मिळत असेल तर तीच. आणि एक दिवसाचं ड्रायव्हिंगचं प्रशिक्षण, त्याचं आणि भावजयीचं दोघांचं, कारण सहापैकी चार दिवस गाडी तीच चालवते.

यावर त्याचं उत्तर आलं ते आईबद्दल. आईचे गुडघे दुखतात. आत्ताच ती दाराच्या वरच्या हँडलला लटकून, एक पाय पायदानावर टेकवून चढते. त्याने घरात टेप लावून पायदानाची उंची मोजली, मग त्यात दोन इंच मिळवून विटा रचल्या आणि आईला चढायला सांगितलं. आई चढली नाही.

लिफ्ट किटचा बयाना त्याने अजून दिलेला नाही. मी पोळ्याला येते आहे. वाफसा असेल तर वावरात त्याच गाडीने जाऊ.