गोल्फ क्लबवर वाढलो, गोल्फ एडिनबर्गात पाहिला

मी नाशिकचा, त्यामुळे गोल्फ क्लबवरच वाढलो असं म्हटलं तरी चालेल, फक्त तिथे गोल्फ कधी दिसला नाही. कागदोपत्री हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' सांगितलं की तो बरोबर सोडतो, आणि तिथे क्रिकेट, पहाटेचे वॉकवाले आणि रणजीचे सामने. नाव साहेबाचं, मैदान आपलं.

सध्या आमच्या फॅमिली ग्रुपवर मैदान कोणाचं, यावरूनच जुंपलीये. महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरातली १२० एकर सार्वजनिक पार्कसाठी घ्यायचं ठरलं ना, तेव्हापासून मावसभाऊ म्हणतोय आता गोल्फची मैदानंपण घ्या, चार म्हाताऱ्यांसाठी एवढी जागा कशाला. काका एका क्लबचे मेंबर, ते म्हणतात गेट उघडलं की वर्षभरात भेळेच्या गाड्या लागतील, गोल्फ म्हणजे शिस्त, एटिकेट. मला दोघांचंही अर्धंच पटतं.

कारण मी आता राहतो त्या स्कॉटलंडच्या एडिनबर्गात घरापासून चालत अंतरावर ब्रंट्सफील्ड लिंक्स आहे. साधा पार्क, कुंपण नाही, फी नाही, गवतात बॉल घालायची छोटी छोटी होल्स, पोरंटोरं, स्टुडंट, आजोबा सगळे खेळतात, आणि कोणी मधून चालत आलं की थांबायचं, जाऊ द्यायचं, मग मारायचं. स्कॉटलंडातल्याच सेंट अँड्र्यूज गावात तर ओल्ड कोर्स, ज्याला गोल्फचं पंढरपूर म्हणतात, तो रविवारी खेळायला बंद असतो (मोठी स्पर्धा असेल तर गोष्ट वेगळी) आणि लोक कुत्री घेऊन तिथे फिरतात, तिथल्या छोट्या स्विल्कन पुलावर फोटो काढतात. भेळेची गाडी मला तरी दिसली नाही, दिसली असती तर पहिला मीच गेलो असतो.

इथलं सगळं गोड आहे असं नाही हं. इथल्याच म्युअरफील्डच्या गोल्फ क्लबाने २०१६ साली बायकांना मेंबर करायला नकार दिला, ओपन ही गोल्फची मानाची स्पर्धा हातची गेली तेव्हा पुढच्या वर्षी पुन्हा मतदान घेऊन हो म्हणाले. ओल्ड कोर्सवर पाहुण्याला सीझनमध्ये एका राउंडचे तीनशेच्या वर पाउंड पडतात, म्हणजे मी अजून तिथे फक्त फिरलोय.

पण एटिकेटचं म्हणाल तर माझं डोकं एका बंकरने, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्याने, ठिकाणावर आणलं. त्याआधी काकांबरोबर भारतात एकदा खेळलो होतो, तिथे बॅग कॅडीकडे, म्हणजे सोबतच्या मदतनिसाकडे, वाळू सारखी करायची कॅडीने, गवताचा उडालेला तुकडा परत बसवायचा कॅडीने, आणि बॉल कुठे पडला ते बघायला पुढे एक आगेवाला उभा, बॉल सापडला नाही की बोलणी त्याला. आपलं काम काय, तर कॉलरचा टीशर्ट. इथे कौन्सिलच्या कोर्सवर पहिल्यांदा गेलो, बंकरमधून तीन फटक्यांत बाहेर आलो आणि आपल्याच खुशीत चालायला लागलो. मागचे आजोबा काही बोलले नाहीत, फक्त दाताळं उचललं आणि माझ्या हातात दिलं. वाळूत माझ्या बुटांचे खड्डे, जणू म्हैस बसून उठली होती. मी ते खड्डे पुसेपर्यंत आजोबा शांत उभे राहिले, मग म्हणाले, गुड लॅड.

आपल्याकडे एटिकेट म्हणजे कोणाला आत घ्यायचं नाही त्याची यादी. २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबात खासी पोशाखातल्या बाईला जेवणाच्या टेबलावरून उठवलं होतं, आठवत असेल. इकडे स्कॉटलंडात मात्र खेळच सैल होत चाललाय, कोविडनंतर नवी गर्दी आली, हुडी घालून, खिशात स्पीकर लावून येतात, आणि २०१९ पासून नियमही सुटसुटीत झाले, बॉल शोधायला पाचाऐवजी तीनच मिनिटं, होलमधला झेंडा न काढताच पट करा, म्हणजे बॉल हळूच होलमध्ये ढकला. स्पीकरचा मला राग येतो, हुडीचा नाही. ती पोरं जाताना वाळू सारखी करतात का, एवढंच बघतो मी.

म्हणून भावाला म्हटलं, जमीन घेऊ नका, आठवड्यातला एक दिवस मागा. काका म्हणाले अशक्य. आणि हेच काका २०२१ मध्ये आपली गोल्फर अदिती अशोक ऑलिम्पिकला चौथी आली तेव्हा पहाटेपासून ग्रुपवर 'आपली पोरगी आपली पोरगी' करत होते, आपल्या पोरीने सराव कुठे करायचा ते सांगा की.

डिसेंबरात येतोय, काकांनी क्लबवर बोलावलंय, 'कॉलरचा शर्ट आण' असा मेसेजपण आलाय. आणतो. पण वाळू मीच सारखी करणार असं म्हटलं तर कॅडीला बरं वाटेल, की हा परदेशातला आपली बक्षिशी बुडवायला आला असं वाटेल, ते अजून माझं मलाच कळत नाहीये.