पायलट व्हायला कॅल्क्युलस नको, तोंडी हिशेब हवा

“पायलटच्या ट्रेनिंगला जायचं तर कॅल्क्युलस पक्कं हवं. फिजिक्सची डेरिव्हेशन्स तोंडपाठ हवीत. आणि हे सगळं परीक्षेपुरतंच, पुढे विमानात कॉम्प्युटरच सगळं करतो.” हा मेसेज वाचून चांगली मुलं माघार घेतात, म्हणून मला राहवत नाही.

आधी कॅल्क्युलस. ते लागत नाही. काही देशांत शाळेत गणित आणि फिजिक्स घेतलेलं असणं नियमानेच बंधनकारक असतं, ती गोष्ट वेगळी. रोजच्या कामात लागतो तो गुणाकार, भागाकार, त्रैराशिक, कोन आणि एककांची अदलाबदल, तीही पटकन. 60 मैलांवर 1 मैल भरकटलात तर चूक 1 अंशाची. मग 30 मैलांवर 2 मैल भरकटलात तर? 4 अंशांची. वारा 20 नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आणि धावपट्टीशी 30 अंशांत, तर आडवा वारा निम्मा, 10 नॉट. 30,000 फूट खाली यायचंय? हजारांना तीनने गुणा, साधारण 90 मैल आधी उतरायला लागा.

डेरिव्हेशन्सचंही तेच. सूत्र सिद्ध करून दाखवा असं कॉकपिटमध्ये कोणी म्हणत नाही, पण त्याचा अर्थ अंगात मुरलेला हवा. उंची न सोडता 60 अंश कलून वळलात की पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो वेग, 2 च्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणजे 1.41 पट वाढतो. सरळ उडताना 50 नॉटला स्टॉल होणारं छोटं विमान त्या वळणात 70 लाच स्टॉल होतं. हे ज्याला समजलं, त्याचं फिजिक्स सुरुवातीला पुरेसं आहे.

कॉम्प्युटरचा मुद्दा मात्र सरळसरळ धोकादायक आहे. जुलै 1983 मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग 767 ची इंधनाची मोजणी बंद होती, म्हणून टाक्यांतलं इंधन हाताने मोजलं. ते निघालं 7,682 लिटर. त्याचे किलो करायला 0.8 ने गुणायचं, त्याऐवजी गुणलं 1.77 ने, म्हणजे उत्तर आलं पौंडांत. ते किलो समजून कमी पडणारं इंधन भरलं, आणि 22,300 किलो हा आकडा कॉम्प्युटरमध्ये टाकला. कॉम्प्युटरने तो खरा मानला. प्रत्यक्षात इंधन निम्म्याहून कमी होतं. 41,000 फुटांवर असताना ते संपत आलं आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत आणून कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, सगळे वाचले.

ट्रेनिंगला जाणाऱ्यांनी इंटिग्रेशनची भीती सोडून लिटर-किलो-पौंड, अंश आणि वेग-वेळ-अंतर यांची तोंडी गणितं आत्तापासूनच रोज करावीत, कॅल्क्युलेटरला हात न लावता.