कडीपत्त्याची पानं कुरतडू द्या

काल टाकलेल्या कॉमन मॉर्मन फुलपाखराच्या फोटोवर बऱ्याच जणांनी लेन्स कुठली म्हणून विचारलं. १०० मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी, शटर १/१६०० सेकंद. पण खरं सांगतो, तो फोटो मिळाला कडीपत्त्यामुळे.

गोव्यात डिचोलीला आमच्या घरामागे चिऱ्यांच्या गडग्यालगत, म्हणजे कुंपणाच्या भिंतीलगत, आईने लावलेला कडीपत्ता आहे, शेजारी लिंबू. दोन वर्षांपूर्वीपर्यंत पानं कुरतडलेली दिसली की मी लगेच औषध मारायचो. आणि पुढच्या अंगणात दासणापाशी (जास्वंदीपाशी) कॅमेरा घेऊन फुलपाखरांची वाट बघत बसायचो! ज्यांचे फोटो हवेत त्यांचीच पोरं आपण मारतोय हे कळलं, त्या दिवशी फार वाईट वाटलं.

कॉमन मॉर्मन याच झाडांवर अंडी घालतं. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. बोट लावलं तर डोक्यामागून दोन लालभडक शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. यंदा एका फांदीवर अकरा मोजल्या. फांदी बोडकी झाली. आई म्हणाली, "फोडणीला पानं नाही उरली रे," आणि स्वतःच शेजारच्या वहिनींकडून मागून आणली.

फोटोतली ती मादी. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. माद्यांची मात्र तीन रूपं. एक नरासारखं, दुसरं कॉमन रोझ या फुलपाखरासारखं, तिसरं क्रिमसन रोझसारखं. ही दोन्ही रोझ विषारी, पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, म्हणून हा वेश. मीही आधी तिला रोझच समजलो होतो. मोठं करून बघितलं तेव्हा अंग काळं दिसलं. रोझचं लाल असतं. मध पितानाही तिचे पुढचे पंख थरथरत असतात, म्हणून शटर एवढा वेगाचा लागतो.

आता मनातलं बोलतो. चवथ जवळ आली की गावभर ग्रास कटर फिरतो, गडग्यावर तणनाशक मारतात. गणपती येणार म्हणजे अंगण लख्ख हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण गडग्याकडची हातभर पट्टी सोडायला काय हरकत आहे? तिथल्या एकदांडीच्या रानफुलांवर ती नखाएवढी निळी फुलपाखरं येतात. रुईचं झुडूप असेल तर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या त्यावरच वाढतात. ते उपटलं की पेंटासच्या फुलझाडांच्या दहा कुंड्या आणूनही ती भरपाई होत नाही. फुलांवर मध मिळतो, पण पिल्लं वाढायला पानंच लागतात.

आणखी एक. हलू नये म्हणून फुलपाखराला फ्रिजमध्ये ठेवून मग फुलावर बसवून फोटो काढणारे आहेत. कृपा करून असल्या फोटोंना लाईक देऊ नका. सकाळी ऊन खायला ती पंख पसरून आपणहून बसतात, तेवढा वेळ पुरतो.

आमच्या कडीपत्त्याच्या मुळांना खूप फुटवे आलेत. डिचोली-साखळीकडच्या कुणाला रोप हवं असेल तर सांगा, काढून ठेवतो.